काका, सगळं फिरतंय

मी एक खोटं भाषांतर केलं. मराठीतून इंग्रजीत, फक्त पाच शब्दांचं. मैदानावर आडवी पडलेली एक सोळा वर्षांची मुलगी मला मराठीत काहीतरी म्हणाली. शेजारी गुडघ्यांवर बसलेल्या फिजिओबाईंनी “काय म्हणाली?” म्हणून मला विचारलं, आणि मी तिनं म्हटलेलं सोडून दुसरंच सांगितलं. मराठी कळणारं आसपास दुसरं कुणी नव्हतं. त्या मुलीचं एक वर्ष त्यात गेलं, फिजिओबाईंची नोकरी गेली आणि मला बढती मिळाली. बढतीचं हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली.

इथं परदेशात एका आंतरराष्ट्रीय शाळेत मी हायस्कूलच्या मुलींना अमेरिकन फुटबॉल शिकवतो. पुण्यातल्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते आधी हेल्मेट घातलेली दांडगी माणसं डोळ्यांसमोर आणतात आणि मग माझ्याकडे बघतात. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे. मग समजावून सांगावं लागतं की आमच्या मुली फ्लॅग फुटबॉल खेळतात. चेंडू तोच, लांबुळका. तो घेऊन समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पळत जायचं हेही तेच. फक्त अंगावर पडून कुणी कुणाला पाडत नाही. प्रत्येकीच्या कमरेला दोन बाजूंना दोन कापडी पट्ट्या लटकत असतात. चेंडू घेऊन पळणारीची पट्टी कुणी ओढली की चाल तिथंच संपली.

त्याआधी मी वन-नॉर्थ या इथल्या तंत्रज्ञान-वसाहतीत एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचा मॅनेजर होतो. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या लपवू न देता वर कळवायच्या, हे माझं काम. शुक्रवारी दुपारी ऑफिसमागच्या हिरवळीवर काही जण हा खेळ खेळायचे. त्यांचा म्होरक्या एक अमेरिकन सहकारी होता. संध्याकाळी तो त्या शाळेत कोच म्हणून जायचा. एकदा माणूस कमी पडला म्हणून त्यानं मला लिफ्टमधून ओढून नेलं. चेंडू हातात आल्यावर काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून जे येत होतं ते केलं. सांगलीकडच्या आमच्या शाळेत मी सात वर्षं खो-खो खेळलो होतो. डावा खांदा टाकायचा, नजरही तिकडेच टाकायची, समोरच्याचं वजन त्या पायावर गेलं की उजवीकडून निसटायचं. पोट सुटलेलं होतं, तरी अर्धा तास कुणाला माझी पट्टी ओढता आली नाही.

“हे काय होतं?” त्यानं धापा टाकत विचारलं.

“हूल.”

“हूऽल?”

“हूल देणं म्हणतात त्याला.”

“बडी, मंगळवारी संध्याकाळी काय करतोस?”

हे बोलणं अर्थात इंग्रजीत झालं. इथं पुढं जे जे मराठीत लिहिलंय त्यातलं बरंचसं इंग्रजीतच बोललं गेलेलं आहे. या वेळी तरी भाषांतर खरं करायचं, एवढं मी ठरवलंय.

मंगळवारची संध्याकाळ मग मंगळवार-गुरुवार झाली, शनिवारची सकाळही त्यात गेली. मी बिनपगारी मदतनीस कोच होतो. मुलींना मी हूल शिकवली. त्या तिला ‘हूल’च म्हणायच्या, कोरियन मुलगी, जपानी मुलगी, टेक्सासची मुलगी, सगळ्या. दुसऱ्या शाळांच्या मुली आमच्या बाकाजवळून जाताना कान टवकारायच्या. हा शब्द नेमका कुठल्या भाषेतला ते त्यांना कधी कळलं नाही. ऑफिसात मी आठ तास कसा बसायचो ते माझं मला ठाऊक. घरीही बसवत नसे. बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल आणि खिडकी यांच्यामध्ये नऊ पावलं आहेत. बायको म्हणायची, “अरे, बस की जरा. खुर्ची चावते का तुला?”

ती मुलगी आमच्या संघात आली तेव्हा चौदा वर्षांची होती. तिची आई बँकेत नोकरीला होती, जुरोंग ईस्टच्या एका काँडोत, म्हणजे खासगी सोसायटीत, राहायची. मराठी मंडळींच्या एका जेवणावळीत तिनं मला कोपऱ्यात गाठलं. “दादा, तुमच्या भरवशावर पाठवतेय हं. घरात मी मराठीत बोलते, ही इंग्रजीत उत्तर देते. तुमच्याशी तरी बोलली तर बघा दोन शब्द.”

मी तसा प्रयत्न केला. मैदानावर पहिल्याच दिवशी तिनं मला “काका” अशी हाक मारली आणि बाकीच्या मुली हसल्या. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, “हे बघ, रेषेच्या आत मी काका नाही, कोच. रेषेबाहेर काय म्हणायचं ते म्हण.” तिनं मान हलवून इथल्या इंग्रजीत ‘चालेल’ म्हटलं, “कॅन लाह, कोच.” तेव्हापासून दोन वर्षं ती एकदाही चुकली नाही. मैदानात कोच, मैदानाबाहेर काका, आणि दोन्हीकडे बोलणं इंग्रजीत. मी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. आईचं बरोबर होतं.

हूल तिला सगळ्यांत चांगली जमली. तिच्यात एक गंमत होती, हूल देताना ती जीभ किंचित बाहेर काढायची. मी म्हणायचो, “जीभ आत ठेव, चावशील.” ती म्हणायची, “जिभेनंच तर दिशा ठरते, कोच.”

फिजिओबाई शाळेच्या नोकरीत होत्या. मलय, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, डोक्याला नेहमी निळा स्कार्फ, आणि चिकटपट्टीची रिळं बांगड्यांसारखी मनगटात घातलेली. त्या कमी बोलायच्या. कुणाच्या डोक्याला लागलं तर त्या पाच-सहा प्रश्न विचारायच्या: आपण कुठं आहोत, समोर कुठला संघ आहे, शेवटचे गुण कुणी केले. उत्तर अडखळलं तर खेळाडू बाहेर, त्यावर कोचशी चर्चा नाही. त्यांचा हा नियम आम्हां सगळ्यांना मान्य होता. मलाही होता, सोयीचा असेपर्यंत.

त्या वर्षी अमेरिकन मित्र परत जायला निघाला. शाळा त्याच्या जागी पूर्णवेळ कोच नेमणार होती. माझ्या ऑफिसात तेव्हा टेस्टिंगची माणसं एकेक करून कमी होत होती आणि मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. तोवर पीआर, म्हणजे इथं कायम राहण्याचा परवाना, मिळालेला असल्यामुळे नोकरीबरोबर पास जाण्याची भीती उरली नव्हती. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा हाव मोठी होती. मला तेच काम हवं होतं. मित्र म्हणाला, “फायनल जिंका. मग तुझं नाव पुढं करायला मला तोंड भरून बोलता येईल.” एवढंच म्हणाला. बाकीचं सगळं माझ्या डोक्यानं जोडलं.

फायनलच्या सकाळी पश्चिमेकडून ढग चढत होते. इथं मैदानांवर विजेच्या इशाऱ्याचा भोंगा असतो. तो वाजला की खेळ जिथं असेल तिथं थांबवून सगळ्यांनी छपराखाली जायचं. त्या दिवशीचा नियम असा होता की शेवटच्या काही मिनिटांत भोंगा वाजला तर त्या क्षणी जो पुढं तो जिंकला. आम्ही मागे होतो, पण एका चालीत भरून निघेल एवढेच. मी मैदानाकडे कमी आणि आभाळाकडे जास्त बघत होतो. मित्र बाकाच्या दुसऱ्या टोकाला होता, आक्रमणाच्या चाली मी सांगत होतो.

ती चेंडू झेलायला धावली. समोरच्या संघातली एक उंच मुलगी उलट्या पावलांनी मागे येत होती, तिची नजरही वर चेंडूवर. दोघी आपटल्या. उंच मुलगी उठली. आमची उताणी पडली, आणि डोक्याची मागची बाजू कृत्रिम गवतावर आदळल्याचा आवाज मला बाकापर्यंत ऐकू आला. हे मी चौकशीत सांगितलं नाही, म्हणून इथं लिहितो. आवाज ऐकू आला होता.

फिजिओबाई धावल्या, त्यांच्यामागे मी. ती डोळे उघडे ठेवून पडली होती. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, आपण कुठं आहोत? तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली,

“काका, सगळं फिरतंय. आई कुठंय?”

आई तिथं नव्हती. ती त्या दिवशी हाँगकाँगला होती, आणि हे त्या मुलीला सकाळी माहीत होतं, कारण तिनंच मला सांगितलं होतं.

“काय म्हणाली?” बाईंनी विचारलं.

मला सगळं समजायला हवं होतं. दोन वर्षांत जी मुलगी रेषेच्या आत एकदाही मला काका म्हणाली नव्हती, जिनं एक वाक्य मराठीत बोलून दाखवलं नव्हतं, ती अचानक लहान मुलीसारखी मराठीत बोलत होती. दुसरं कुठलंही लक्षण बघायची गरज नव्हती. आणि मला काय वाटलं तेही सांगतो: क्षणभर बरं वाटलं. आपलं माणूस म्हणून हाक मारली, असं वाटलं. त्याच क्षणी ढग गडगडले.

मी म्हणालो, “ती म्हणतेय, ठीक आहे. आईला काळजी करू नका म्हणून सांगा, म्हणतेय.”

‘आई’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला. बाईंना तो ठाऊक होता, मुलीची आई सामन्यांना यायची तेव्हा “आईकडे बघ!” असं ओरडायची. ओळखीचा शब्द जागेवर असला की बाकीचं खरं वाटतं. हे मी त्या दोन सेकंदांत केलं. मला ते सुचलं.

बाईंनी तिच्या डोळ्यांपुढं बोट फिरवलं. तिनं बोटामागे नजर फिरवली, जरा हळू. “एक चाल बाहेर बसवू या,” बाई म्हणाल्या.

“घाबरलीय फक्त,” मी म्हणालो. “मी तिला लहानपणापासून ओळखतो.” हेही खोटं. दोन वर्षांपासून ओळखत होतो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या शब्दावर विसंबून अंगठा वर केला.

पुढच्या चालीत चेंडू तिच्याकडे देऊ नये एवढी अक्कल मला राहिली. त्याच्या पुढच्या चालीत दिला. ती शरीराला सवय असल्यासारखी धावली, डावा खांदा टाकला, हूल दिली, समोरची मुलगी चुकीच्या बाजूला गेली. जीभ बाहेर नव्हती, ते माझ्या लक्षात आलं. रेषेजवळ कुणाच्या तरी पायात तिचा पाय अडकला आणि ती रेषेपलीकडे पडली. डोकं या वेळी आपटलं नाही, पण मान हिसकली. आम्ही पुढं गेलो. दोन-तीन मिनिटांत भोंगा वाजला.

छपराखाली मुली एकमेकींच्या गळ्यात पडून ओरडत होत्या. ती खांबाला टेकून उभी होती. तिनं मला विचारलं, “मॅच कधी सुरू होणार?” मी हसलो. तिनं पुन्हा विचारलं. मग ती खाली वाकली आणि ओकली. फिजिओबाईंनी तिला धरलं, कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला सांगितलं, आणि माझ्याकडे एकदाच वळून बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मेंदूला धक्का बसला होता. महिनाभर तिला उजेड सोसवेना. त्यानंतरही पानभर वाचलं की डोकं ठणकायचं. परीक्षा पुढं ढकलली, मग ते वर्षच सोडलं. ती पुन्हा कधी खेळली नाही. मी तिच्या घरी जायचो, आई दार उघडायची. “दादा, तुम्ही येता ते बरं वाटतं तिला.” खोलीत पडदे ओढलेले असायचे आणि ती त्यांच्याकडे तोंड करून असायची. तिला त्या सकाळचं काहीही आठवत नव्हतं. नाश्त्याला काय खाल्लं तेही नाही.

शाळेनं चौकशी केली. क्रीडाविभागाच्या प्रमुखांनी बाईंना विचारलं, तिला परत खेळायची परवानगी कुणी दिली? त्या म्हणाल्या, “मी.” एवढंच. भाषांतराचा विषय त्यांनी काढला नाही. मीच काढेन असं त्यांना वाटलं असेल. मला विचारलं, तिनं काही त्रास होत असल्याचं सांगितलं होतं का? मी म्हणालो, “ती पुटपुटत होती. मला जे कळलं ते मी सांगितलं.” वाक्य मी आदल्या दिवशी तयार केलं होतं, टेबल ते खिडकी चालत. बायकोनं विचारलं होतं, “काय घोकतोयस?”

बाईंचा करार पुढं वाढवला नाही. पूर्णवेळ कोच म्हणून माझ्या नेमणुकीचं पत्र त्याच महिन्यात आलं.

शाळा सोडण्याआधी त्या माझ्याकडे आल्या, हातात एक जाड कागद. त्यांनी एक तक्ता करायला घेतला होता. डोकं दुखतंय, मळमळतंय, चक्कर येतेय, धूसर दिसतंय, हे सगळं मुलींच्या घरच्या भाषांमध्ये. कोरियन झालं होतं, जपानी, तमिळ, हिंदी झालं होतं. “मुली घाबरल्या की घरच्या भाषेत बोलतात,” त्या म्हणाल्या. “हे मला आधीच सुचायला हवं होतं. मराठीचं तुम्ही भराल?”

मी भरलं. बॉलपेननं, सुबक अक्षरात. ‘डोकं दुखतंय’ लिहिलं, ‘मळमळतंय’ लिहिलं, ‘चक्कर येतेय’ लिहिलं. त्यापुढं बरीच जागा होती. “आणखी कशा प्रकारे म्हणतात?” त्यांनी विचारलं. “एवढंच,” मी म्हणालो. ‘सगळं फिरतंय’ मी लिहिलं नाही.

त्यानंतरची सहा वर्षं मी चांगला कोच होतो, असं लोक म्हणतात. डोक्याला नुसता चेंडू लागला तरी मी मुलीला दिवसभर बाहेर बसवतो. पालक माझ्या काळजीचं कौतुक करतात. बाकासमोर मी इतका येरझारा घालतो की मुलींनी त्या पट्ट्याला ‘कोचचा ट्रॅक’ असं नाव ठेवलंय. सरावाच्या शेवटी एखादी हात पाठीमागे बांधून माझ्यासारखी चालून दाखवते आणि सगळ्या हसतात. मीही हसतो. सुटीत पुण्याला गेलो तरी गाडीत, सोफ्यावर, देवळाच्या रांगेत माझा पाय हलत असतो. डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्यात काही नव्हतं.

गेल्या महिन्यात शाळेनं माझा छोटा सत्कार ठरवला, आणि बोलायला त्या मुलीला बोलावलं. ती आता इथंच विद्यापीठात शिकते. एका दुपारी तिचा मेसेज आला. भाषण इंग्रजीत लिहिलेलं होतं, शेवटची ओळ मराठीत, देवनागरीत. खाली तिनं लिहिलं होतं: “काका, मराठी बरोबर आहे का बघा ना. हसू नका हं!”

मी तेव्हा एलआरटीत, आमच्या भागातल्या छोट्या लोकल गाडीत होतो, घरी चाललेलो. भाषणात लिहिलं होतं की तिच्या सगळ्यांत वाईट वर्षात कोच दर आठवड्याला घरी यायचे आणि काही न बोलता बसून राहायचे. शेवटची ओळ होती:

‘काकाने मला ऐकले.’

मराठी चुकलं होतं. इंग्रजीतून उचलून ठेवलेलं वाक्य. ‘काकांनी माझं ऐकलं’ असं हवं. एका मिनिटाचं काम. मी टाइप करायला लागलो आणि बोट पुढं सरेना. माझं स्टेशन आलं, दार उघडलं, बंद झालं. आमची एलआरटी वर्तुळात फिरते. उतरलं नाही तर पुन्हा तिथंच आणून सोडते. इमारतींच्या जवळून जाताना डब्याच्या काचा आपोआप पांढऱ्या धुरकट होतात, लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. काचा पांढऱ्या झाल्या, स्वच्छ झाल्या, पुन्हा पांढऱ्या झाल्या. मी तीन फेऱ्या मारल्या. ती ओळ दुरुस्त करणं म्हणजे दुसरं खोटं भाषांतर करणं होतं, आणि या वेळी कारण सांगायला आभाळात ढगही नव्हते.

घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला. मग म्हणाली, “सहा वर्षं मी तुला बस बस म्हणतेय.” आणि थोड्या वेळानं, “मला सांगून काय उपयोग? जा.”

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, भेटलो. ती कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसली होती, माझ्यासाठी तेह, इथला चहा, मागवून ठेवला होता. “इतकं वाईट आहे का माझं मराठी,” ती म्हणाली, “की प्रत्यक्ष भेटून सांगायला लागतंय?”

मी सांगितलं. सरळ, पहिल्यापासून. तिच्या हातातला चमचा कपात फिरत होता, तो थांबला.

“मी काय म्हटलं होतं? नेमकं सांगा.”

मी ते पाच शब्द म्हणालो. तिनं ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले, एखादं नवं नाव म्हणून बघावं तसे.

“मी मराठीत बोलले?” तिनं विचारलं. हे तिनं मराठीत विचारलं.

“हो.”

“आणि तुम्हाला काका म्हणाले? मैदानात?”

“हो. म्हणूनच मला कळायला हवं होतं. म्हणजे... कळलं होतं.”

ती उठून गेली. मला वाटलं, गेलीच. ती पाण्याची बाटली घेऊन परत आली आणि समोर न बसता उभी राहिली. “त्या वर्षातलं मला काय आठवतं ठाऊक आहे? पडदा. त्याच्यावर बदकं होती. एकशे बारा बदकं. मी मोजायचे, मग डोकं दुखायचं, मग पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आणि तुम्ही तिथं खुर्चीत बसून असायचात. बसून!”

“माझं चुकलं,” मी म्हणालो.

“आत्ता नको लाह, काका. तुमचं सॉरी ठेवा तुमच्याकडेच. मला कधी घेता येईल ते मी बघीन.” तिनं डोळे पुसले, रागानंच. “मला तर काही आठवतसुद्धा नाही. तिला आठवतंय. फिजिओला. तिची तर नोकरी गेली. तिला सांगितलंत?”

“त्या कुठं असतात ते...”

“जुरोंग ईस्टला, मॉलच्या वर क्लिनिक आहे. आईचा गुडघा तिच्याकडेच असतो दर महिन्याला.” ती जराशी हसली, आणि हसल्याचा तिला राग आला. “भाषणाची ती ओळ मी काढते. भाषणच काढते.”

शाळेच्या प्रमुखांना द्यायचं पत्र मी लिहून ठेवलं होतं. सोमवारी सकाळी ते त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि दार लावून घेतलं. सत्कार रद्द झालाय. माझं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. सरावाला मी जात नाही.

तिथून तसाच जुरोंग ईस्टला गेलो. बाईंची भेट घ्यायची तर रुग्ण म्हणूनच नाव नोंदवावं लागत होतं. फॉर्मवर ‘कुठं दुखतं’ असा रकाना होता, तो मी कोरा सोडला. बाहेरच्या बाकावर मी वीस मिनिटं बसलो होतो आणि माझा पाय इतका हलत होता की शेजारच्या आजोबांनी त्याच्यावर हात ठेवला.

“कोच!” बाई दारात आल्या. मनगटात तशीच टेपची रिळं. “गुडघा? वाटलंच होतं मला. इतकं चालतं का कुणी?”

आत भिंतीवर तो तक्ता होता. कडा पिवळ्या पडलेल्या, वर प्लॅस्टिक चढवलेलं. नंतर आणखी भाषा जोडल्या होत्या, निरनिराळ्या अक्षरांत. मराठीची ओळ माझ्या अक्षरात होती, आणि तिच्यापुढची जागा तशीच मोकळी.

मी बघतोय हे त्यांनी पाहिलं. “रोज उपयोगी पडतो,” त्या म्हणाल्या. “आणि तरी मी प्रत्येकाला दोनदा विचारते. त्या मुलीच्या वेळी माझ्या नजरेतून काय निसटलं ते मला अजून कळलेलं नाही, कोच. ते बोट फिरवणं मी किती वेळा आठवून पाहिलं असेल. बसा ना. कुठला पाय?”

“पाय नाही,” मी म्हणालो. बसलो मात्र. हात मांड्यांवर ठेवले. “तुमच्या नजरेतून काही निसटलं नव्हतं. ती काय म्हणाली ते मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं.”

त्या टेपची रिळं मनगटातून काढत होत्या, त्या थांबल्या.

मी तिचं वाक्य आधी मराठीत म्हटलं, ती म्हणाली होती तसंच. मग एकेक शब्द करून इंग्रजीत सांगितलं: काका, सगळं माझ्याभोवती फिरतंय. माझी आई कुठं आहे?

“हे ती म्हणाली होती. मला स्पष्ट ऐकू आलं होतं आणि पूर्ण कळलंही होतं. तुम्ही विचारलंत, आणि मला मॅच जिंकायची होती म्हणून मी खोटं सांगितलं. चौकशीत पुन्हा खोटं बोललो. तुम्ही हा तक्ता घेऊन आलात तेव्हा तिसऱ्यांदा. आज सकाळी शाळेला हे लिहून दिलंय. तुमचं काही चुकलं नव्हतं. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. माझं चुकलं. मला माफ करा.”